पन्नास वल्ही आणि पंचवीस घोडे

फुलपाड्याला समुद्र नाही. विरार स्टेशनच्या पूर्वेला उतरून जीवदानीच्या डोंगराच्या कडेने आलात की आमची वस्ती लागते, आणि पाणी म्हणाल तर पापडखिंडीचं धरण. त्यावर होड्यांचा इतिहास लिहायचा म्हटलं तर दोन ओळींत संपेल. पण माझं आजोळ अर्नाळ्याचं आणि धंदा पाण्याच्या पंपांचा. पंपात पंखा असतो, होडीच्या इंजिनालाही पंखा असतो, तेव्हा याला त्यातलं कळत असणार, असा आजोळच्या मंडळींचा पक्का समज आहे. तो खोडून काढण्यापेक्षा वाचायला बसणं सोपं वाटलं. वाचता वाचता जे सापडलं ते इंजिनापेक्षा बरंच जुनं निघालं, म्हणून हा लेख. (अर्नाळेकर मंडळींनो, लांबलाय. चहा घेऊन बसा.)

लहान होडी वेगाने कशी पळवायची आणि पळताना ती उलटणार नाही हे कसं बघायचं, हा आपल्या किनाऱ्यावरचा निदान साडेतीनशे वर्षांचा प्रश्न आहे. त्यावर एकदा लढाईचा निकाल लागलेला आहे.

१६७९ साली मुंबईच्या दक्षिणेला, थळसमोर, खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांच्या माणसांनी तटबंदी बांधायला घेतली. बेटावर मायनाक भंडारी. इंग्रजांना हे परवडणारं नव्हतं, कारण मुंबई बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज तिथून दिसतं. त्यांनी वेढा घातला. त्यांच्याकडे 'रिव्हेंज'सारखं तोफांचं जहाज होतं, कप्तान रिचर्ड केग्विन होता, आणि भाड्याने घेतलेली शिबाडं नि मचवे होते. मराठ्यांकडे मोठं असं काही नव्हतं. होती ती लहान, उथळ, वल्ह्यांवर चालणारी गलबतं. रात्र झाली, वारा पडला की ती किनाऱ्यावरून निघत आणि इंग्रजांच्या नाकासमोरून बेटावर दगड, दाणा, माणसं पोचवत. वारा नाही म्हणजे शिडाचं जहाज जागच्या जागी. तोफा असून उपयोग काय?

१८ ऑक्टोबरला दौलतखान चाळीस-पन्नास गलबतं घेऊन इंग्रज ताफ्यावर चालून गेला. 'डव्ह' नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. 'रिव्हेंज'ने मात्र एकटीने तोंड दिलं आणि गलबतांना मागे रेटलं. तोफांपुढे लहान होडीचं काही चालत नाही हे त्या दिवशी दिसलं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण गलबतं मागे फिरली ती नागोठण्याच्या खाडीकडे, जिथे पाणी उथळ आणि मोठ्या जहाजाला मज्जाव. पुन्हा अंधार पडला की बेटाकडे फेऱ्या सुरू. अखेर इंग्रजांनी नाद सोडला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिलं.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र साधारण १७१५ च्या सुमाराचं. त्यातला आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत हा भाग आपल्याला शाळेपासून पाठ असतो. तो मजकूर आरमाराच्या प्रकरणातला आहे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही! त्याच प्रकरणात जहाजं कशी बांधावीत याचाही सल्ला आहे. सार असं: गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. गलबतंही तशीच. आणि वारा नसेल तर ज्यांचा उपयोग नाही अशी थोराड जहाजं बांधूच नयेत. मला हा सल्ला वाचताना थेट खांदेरीच्या रात्री आठवतात. छत्तीस वर्षांपूर्वीचा धडा कोणीतरी नीट लिहून ठेवला आहे.

या गलबतांचा वेग किती होता? रॉबर्ट ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १७६३ मध्ये छापलेल्या पुस्तकात आंग्र्यांच्या ताफ्याचं वर्णन करताना आकडा दिला आहे. सगळ्यात मोठं गलबत सत्तर टनांच्या आतलं, वल्ही चाळीस ते पन्नास, आणि वल्ह्यांवर वेग ताशी चार मैल. म्हणजे साडेसहा किलोमीटर. फुलपाड्याहून स्टेशन गाठायला निघालेला, लोकल चुकणारा माणूस यापेक्षा जोरात चालतो.

मी पंपवाला, त्यामुळे लगेच हॉर्सपॉवर मोजली. धडधाकट माणूस तासभर सलग काम करतो तेव्हा साधारण पंचाहत्तर वॅट देतो. पन्नास माणसांचे झाले पावणेचार हजार वॅट, म्हणजे पाच हॉर्सपॉवर. आख्ख्या गलबताला पाच घोडे! आज अर्नाळ्याच्या लहान फायबरच्या होडीवर मागे लटकवलेलं पंचवीसचं इंजिन म्हणजे अडीचशे वल्हेकरी झाले. आणि तरी आमच्या मामेभावाला ते कमी पडतं. त्याच्याकडे येतोच आहे.

तर पाच घोड्यांवर लढाई निभावली ती कशाच्या जोरावर? होडी लांब, अरुंद, हलकी आणि उथळ ठेवली म्हणून. ताकद वाढवणं हातात नव्हतं, मग पाण्याचा विरोध कमी केला. कान्होजी आंग्र्यांच्या काळात तर वारा पडल्यावर ही गलबतं गुराबेला दोर बांधून ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला उभी करत, जिथे त्याच्या तोफा कमी. मोठं जहाज वळेपर्यंत काम झालेलं असे.

पण अरुंद होडी डगमगते. होडी कलल्यावर ती परत सरळ का होते याचं गणित पिएर बुगेर या फ्रेंच माणसाने १७४६ मध्ये मांडलं. त्यात पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीला फार वजन आहे. रुंदी दुप्पट केली तर त्या हिशोबातला मुख्य आकडा आठपट होतो. उलट रुंद होडीला पाणी बाजूला सारायला जास्त जोर लागतो. म्हणजे वेग हवा तर अरुंद करा, स्थैर्य हवं तर रुंद करा. दोन्ही हवं असेल तर?

आपल्या किनाऱ्यावर याची दोन उत्तरं शेजारी शेजारी नांदतात. रत्नागिरी-मालवणकडची जुनी होडी बघा. अंग अरुंद, आणि एका बाजूला दोन आडव्या वाशांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा ओंडका. तिला उलांडी म्हणतात. जेम्स हॉर्नेल या मत्स्यखात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याने १९२० मध्ये भारतीय होड्यांवर मोठा अभ्यास छापला, त्यात या उलांडीची दखल आहे. होडी अरुंदच ठेवायची आणि रुंदी उसनी घ्यायची, असा हा प्रकार.

वसई-अर्नाळा-सातपाटीकडे उलांडी नाही. इकडे होडीचं पोटच रुंद, कडा उंच. मला याचं कारण डोल जाळ्यात दिसतं. भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात रोवलेल्या खुंटांना डोल लावायची, पाणी फिरलं की होडी तिथे उभी करून भरलेली पिशवी कडेवरून आत ओढायची. एका बाजूला ओंडका बांधला तर जाळं घेणार कुठून? शिवाय सगळा भार एका कडेवर येतो, तेव्हा होडीचं स्वतःचं अंगच रुंद हवं. आगाशी-अर्नाळ्याचा हा पट्टा नौकाबांधणीत जुना. १५३० आणि १५३१ मध्ये पोर्तुगिजांनी आगाशी जाळली. १७३७ मध्ये अर्नाळा आणि १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पेशव्यांचं स्वतःचं आरमार वसईच्या आश्रयाने वाढलं. एवढ्या पिढ्यांत कोणी वाडी-वस्तीवरच्या सुताराला गणित शिकवलं नव्हतं, पण कुठली होडी कुठल्या पाण्यासाठी हे त्याच्या हातात होतं.

आता थोडं विलायतेला जाऊन येऊ, कारण पुढची उडी तिथे पडली.

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्कीला लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांची लहान मॉडेलं ओढली. त्यातून कळलेली गोष्ट अशी, की चालती होडी पुढे एक लाट उठवते, आणि वेग वाढला की ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीएवढी झाली की होडीची नाळ लाटेवर चढलेली आणि पिछाडी खड्ड्यात बसलेली, अशी अवस्था होते. त्यापुढे जोर लावला तरी होडी स्वतःच उठवलेल्या डोंगरावर चढत राहते. ही वेस होडीच्या लांबीवर ठरते: लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, वेग नॉटमध्ये मिळतो. १८ फुटी होडीला ५.७ नॉट, म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. ३६ फुटीला ८ नॉट. वल्हेकरी गलबत या वेशीपर्यंत पोचतच नव्हतं, म्हणून त्यांना तिचा त्रासही नव्हता.

१८७२ मध्ये ससेक्समधल्या प्लेडन गावचे पाद्री, चार्ल्स मीड रेमस, यांनी ब्रिटिश आरमार खात्याला एक कल्पना कळवली. जहाजाचा तळ पाचरीसारखा करा, म्हणजे वेगात ते पाणी कापण्याऐवजी पाण्यावर चढून घसरत जाईल. लहानपणी तळ्यावर चपटा दगड मारून भाकऱ्या काढतात, तसंच. फ्रूडनी मॉडेल करून हौदात तपासलं. कल्पना चूक नव्हती, पण एवढा वेग द्यायला लागणारं वाफेचं इंजिन इतकं जड होतं की जहाज वर उचललंच गेलं नसतं. पाद्रीबुवा तीसेक वर्षं आधी जन्मले!

इंजिन हलकं व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. गुस्ताव त्रूवेने १८८१ मध्ये पॅरिसला सीन नदीत विजेवर चालणारं, होडीला मागून लावता येणारं इंजिन चालवून दाखवलं होतं, पण बॅटऱ्यांचं ओझं होतंच. मग १९०९ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने पेट्रोलचं इंजिन विकायला काढलं. भावी बायकोसाठी वल्ही मारत आइस्क्रीम आणायला गेला, येईपर्यंत ते वितळलं, आणि तिथे कल्पना सुचली, असं सांगतात. खरं असो नसो, गोड आहे. त्या इंजिनाची ताकद दीड घोडा, वजन २८ किलो. एका घोड्याला जवळजवळ एकोणीस किलो. आजचं पंचवीसचं दोन-स्ट्रोक इंजिन पन्नास-पंचावन्न किलोचं असतं, म्हणजे घोड्याला दोन किलो. रेमसबुवांना हवं होतं ते हेच.

आणि इथे जुनं गणित उलटतं. वेस ओलांडून होडी पाण्यावर चढली की तिचा बराचसा तळ हवेत असतो. पाण्याला टेकलेला असतो तो फक्त मागचा थोडा भाग. धक्क्याला बांधलेली असताना जी रुंदी तिला सांभाळत होती, ती आता पाण्यात नाहीच. त्यामुळे उभी असताना खडकासारखी स्थिर होडी वीस नॉटला स्थिर असेलच असं नाही. वेगात तिचे दोन दोष दिसतात. एक, नाळ वर-खाली उड्या मारायला लागते. दुसरा जास्त वाईट: होडी एकदा डाव्या, एकदा उजव्या कडेवर नाचते, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा.

लाटांत यावर तोडगा काढला तो रेमंड हंट या अमेरिकन नौकाकाराने. त्याने तळ पिछाडीपर्यंत खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा ठेवला. १९६० च्या मायामी ते नासाउ शर्यतीत समुद्र खवळलेला असताना त्याच्या आराखड्याची 'मॉपी' जिंकली आणि जगभर तसे तळ निघाले. अर्थात फुकट काही नाही. व्ही तळाची होडी उभी असताना डुलते आणि तेवढ्याच वेगाला जास्त इंजिन मागते. डोल ओढणाऱ्याला ती नकोच.

आपल्याकडे मोठ्या होड्यांना स्वातंत्र्याच्या आसपास इंजिनं बसायला लागली आणि १९५० च्या दशकात सरकारी कर्ज-अनुदानाने त्यांना वेग आला. ती इंजिनं पोटात बसणारी. होड्यांची पिछाडी शिडासाठी निमुळती, इंजिन ढकलायला लागलं की ती पाण्यात बसे. मग सुतारांनी मागचं अंग हळूहळू भरलं. आकार इंजिनाच्या मागोमाग गेला. लहान होड्यांत मात्र फायबर आलं, तेव्हा साचा एकदाच बनतो आणि त्यातून शंभर होड्या निघतात. इंजिन बदलत राहतं, साचा तोच. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

आता मामेभाऊ. त्याची होडी १८ फुटी, फायबरची, मागे तळ जवळजवळ सपाट, इंजिन पंचवीसचं. त्याला चाळीसचं हवंय. हौस म्हणून नाही. सकाळी बंदरावर आधी पोचणाऱ्याच्या मासळीला लिलावात भाव मिळतो, अर्ध्या तासाने येणाऱ्याला उरलेलं गिऱ्हाईक. "दादा, टॉप स्पीड वाढव, पण हलली नाही पाहिजे," एवढीच त्याची मागणी! आणि मामीची भीतीही खोटी नाही. वैतरणेच्या मुखाशी, किल्ल्याच्या बेटाजवळ, ओहोटीचं पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात. आजोबांचे धाकटे भाऊ तिथेच होडी उलटून गेले. मी जन्मायच्या आधीची गोष्ट, पण घरात अजून त्या जागेचं नाव कोणी सहज घेत नाही.

नवं इंजिन घेण्याआधी आहे त्यातून काय निघतं ते बघू म्हटलं. तीन रविवार गेले. पहिल्या दिवशी मोबाइलवर वेग मोजला, रिकामी होडी, आम्ही दोघं: १५ नॉट, आणि नाळ सतत उड्या मारत होती. कारण शोधायला पुस्तक लागलं नाही. पेट्रोलची टाकी मागे, बर्फाची पेटी मागे, नांगर मागे, आणि मामेभाऊ स्वतः (ऐंशी किलो, वाचतोयस ना?) मागे. टाकी आणि पेटी मध्याच्या पुढे नेली. उड्या निम्म्याने कमी झाल्या.

मग इंजिनाची उंची. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत हवी. आमची दोन इंच खाली होती, म्हणजे तेवढा लोखंडी पाय उगाच पाण्यात ओढला जात होता. इंजिनाच्या पकडीखाली सागाची फळी घातली. दीड इंच उचललं तर वेग वाढला. हौसेने अजून एक इंच उचललं, तर वळताना पंख्याने हवा ओढली, इंजिन नुसतंच किंचाळलं आणि होडी जागेवर बसली. मुखाशी असं झालं असतं तर? परत दीडवर आणलं.

शेवटी पंखा. पंख्यावर पिचचा आकडा असतो: एका फेऱ्यात तो किती इंच पुढे जाईल. मोठा आकडा म्हणजे जास्त वेग, असं बंदरावर सगळे मानतात. पण इंजिनाला तेवढे फेरे गाठता आले पाहिजेत. दुचाकी चौथ्या गिअरवर चढाला घेतल्यासारखं आमचं इंजिन भरल्या होडीत गुदमरत होतं. एक इंच कमी पिचचा पंखा उसना आणून लावला. रिकाम्या होडीचा वेग १७ झाला. मासळी नि बर्फ भरल्यावर आधी ती वेस ओलांडून वर येतच नव्हती, ८ नॉटवर पाणी ढकलत यायची; आता १२ ने येते. लिलावाला उपयोग या १२ चा आहे, पण मामेभाऊ मित्रांना १७ च सांगतो.

चाळीसच्या इंजिनाने रिकामी होडी वीसच्या पुढे जाईल, यात शंका नाही. पण पिछाडीवर वीसेक किलो वाढतील, तळ सपाटच राहील, आणि तो कडेवरचा नाच तिथे सुरू होईल असं मला वाटतं. हे मी मामाला सांगितलं. तांडेल म्हणून चाळीस वर्षं काढलेला माणूस. त्याने इंजिनाबद्दल काहीच न बोलता विचारलं, "मुखाशी किती ठेवणार?" तो स्वतः तिथे मूठ ढिली करतो, लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच चालीने आत येतो. पुढच्या लाटेच्या पाठीत नाळ खुपसायची नाही, मागच्या लाटेला गाठू द्यायचं नाही. हे करायला सहा-सात नॉट पुरतात.

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. ती बातमी आली तेव्हा मामीने फोन करून मला विचारलं होतं, चाचणी म्हणजे तुम्ही करता तसंच ना? मी म्हटलं, आमची फार लहान असते. पण त्यानंतरच्या खेपेला मी इंजिनाबरोबर आलेली लाल गुंडाळीची दोरी शोधून काढली. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची असते. तो पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली, टाकीखाली सापडली. मामेभाऊ आता ती लावतो. मामा लावत नाही, त्याला जाळं ओढताना अडचण होते म्हणे. त्यासाठी लांब दोरी मिळते का, ते बघतोय.